गेजवरचे सात टिपके

सागवानाचा भुसा नाकात गेला की कळंबचा दत्तू आठवतो. बारामतीत तात्यांच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं सुतार होतो. करवतीच्या टेबलावरचं कोन धरायचं गेज खाचेत डुगडुगायचं आणि माझ्या चौकटींचे कोपरे उघडे राहायचे. एक दिवस दत्तूनं गेजच्या पट्टीच्या कडेला टोकदार पंचनं हातोडी मारून सात टिपके ठोकले. लोखंड जरासं फुगलं आणि पट्टी खाचेत घट्ट बसली. मग त्यानं कापलेले दोन तुकडे तात्यांनी जोडून उजेडाकडं धरले.

"जरासुदिक फट न्हाय. ह्याला म्हणत्यात कारागीर!"

माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या पोटात दुखलं ते अजून थांबलेलं नाही.

आता वर्कशॉप माझं आहे, गेज तेच. आज लेकीनं त्या टिपक्यांवरून बोट फिरवलं.

"आबा, हे कुणाचं डोकं?"

"माझंच," मी म्हणालो.