चालत्या यंत्राची शिंपीण

माझ्या थोरल्या बहिणीला पाणीपुरवठा केंद्रात सगळे शिंपीण म्हणत. तिने उभ्या जन्मात सुई हातात धरली नव्हती. शर्टाचं बटण तुटलं तर ती शर्टच बदलायची. नाव पडलं ते कामावरून.

केंद्रात क्लोरीनची एक बंद खोली होती. वायू गळला तर कळावं म्हणून तिथे भिंतीवर मापक होता. तो संगणकाला जोडलेला होता आणि आकडा वाढला की भोंगा वाजायचा. मापकाचं बोलणं संगणकाला समजावून सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला मॉड्यूल म्हणतात, आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो. हे मॉड्यूल बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि मूळ कोडही तिच्याबरोबर गेला होता. सिस्टिम नवी केली तेव्हा मॉड्यूल अडून बसलं. कोडच नाही, तर बदलून पुन्हा कंपाइल करणार काय, म्हणजे यंत्राला समजेल अशा रूपात आणणार काय? केंद्राच्या साहेबांनी हात टेकले.

ताईने स्वतःच एक हत्यार लिहिलं. तयार मॉड्यूल उघडायचं, नेमक्या सूचना जागच्या जागी बदलायच्या, तेही यंत्र चालू असताना. शिफ्ट सांभाळणारे, केंद्रात सगळे ज्यांना मामा म्हणत, ते बघत होते. ते म्हणाले, ही तर अंगातला सदरा न काढताच ठिगळ लावते. मामांना ते हत्यार ताईनेच हौसेने शिकवलं.

दमट हवेत तो मापक उगाच बोंब मारायचा. मग सगळे बाहेर, झडपा बंद, गावाचं पाणी बंद आणि मामांच्या टेबलावर फोनांचा भडिमार. पुढे ते थांबलं. क्लोरीनच्या खोलीत काम करणाऱ्या फिटरला तेवढा खोकला लागला होता. थंडी बाधली, म्हणायचा.

एकदा जेवताना ताई मला म्हणाली, "भोंगा बरेच दिवस वाजला नाही रे."

मी म्हटलं, बरंच झालं की. तिने हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडद्यासमोर बसून राहिली. आकडा वर चढायचा आणि धोक्याच्या रेषेच्या जरा खाली येऊन थबकायचा. दर वेळी तिथेच. तिने डिस्कवरचं मॉड्यूल तपासलं, ते जसंच्या तसं होतं. मग मेमरीत प्रत्यक्ष चालू असलेलं तपासलं. त्यात दोन सूचना वेगळ्या होत्या. टाका तिच्याच हातचा वाटत होता, पण तिने घातलेला नव्हता.

तिने मामांना बोलावून विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. रोजच्या खोट्या भोंग्याने जीव नकोसा झाला होता, म्हणाले. आकडा रेषेच्या वर जाऊच नये अशी सोय केली. कोणाचं काही बिघडलं का?

ताईने दोन्ही सूचना पूर्ववत केल्या. आकडा एकदम उसळला आणि भोंगा वाजू लागला.

"बघ, झाली परत खोटी बोंब," मामा म्हणाले.

"आत कोण आहे?" ताईने विचारलं.

मामांनी क्लोरीनच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. फिटर आत होता.

वायूपासून वाचवणारे मुखवटे लावून दोघांनी त्याला ओढत बाहेर आणलं. क्लोरीनच्या एका टाकीच्या तोंडाशी वायू गळत होता. थोडा थोडा, किती दिवसांपासून ते कळायला मार्ग उरला नव्हता. फिटर वाचला. आता जिना चढताना तो मध्येच बसतो आणि सोबतच्यांना पुढे व्हा म्हणतो.

मामांना कामावरून काढलं. ताईने सिस्टिमला अशी अट घातली की खात्रीचा शिक्का नसलेलं मॉड्यूल गाभ्यात शिरणार नाही आणि चालू असलेल्याला कोणी हात लावू शकणार नाही. स्वतःचं हत्यारही पुसून टाकलं. तेव्हा तिला जरा मोकळं वाटलं.

चौकशीत मामांनी सहज सांगितलं की त्या हत्याराची नक्कल त्यांनी ओळखीच्या केंद्रांनाही दिली होती. तिथेही तसलेच मापक, तसाच त्रास. कोणी पुढे आणखी कोणाला दिली, ते त्यांना माहीत नव्हतं.

तेव्हापासून ताई फोन करते आहे. काही जणांनी ऐकलं. काही जण हसले. एकाने तर त्या हत्याराबद्दल तिचे आभार मानले. तिने फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला. एका केंद्रात मात्र फोन कोणी उचलतच नाही. ताई उद्या सकाळी तिकडे निघाली आहे. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाली.