वरच्या मजल्यावरचे मासे

माझी धाकटी जाऊ आमच्या वरच्या मजल्यावर राहते. गेल्या उन्हाळ्यात तिनं हॉलमध्ये काचेची टाकी आणली आणि काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे सोडले. एक वळला की सगळे वळत. येणारा-जाणारा तिथंच खिळायचा. पुण्याहून सुट्टीला आलेली माझी मुलगीसुद्धा. चहा माझ्याकडे प्यायची, कप विसळायची आणि वर पळायची. चार दिवसांसाठी आलेली पोर, आणि संध्याकाळ सगळी काकूची.

मी आमच्या इथल्या नवी पेठेत जाऊन, जावेनं घेतले त्याच दुकानातून तेच मासे आणले. टाकी तिच्यापेक्षा मोठी घेतली. आत भरपूर रोपं लावली, ऊन लागू नये म्हणून टाकी घरातल्या गार कोपऱ्यात ठेवली. मासे खात होते, ठणठणीत होते; पण एक इकडं, एक तिकडं, बाकीचे पानांमागं. बघायला काही नाहीच.

जाऊ खाली येऊन वाकून बघून गेली. “ताई, मासेपण तुमच्या घरासारखेच की! ज्याचा त्याचा कोपरा.”

हसले. चेहरा सांभाळावा लागतो.

रविवारी टाकी धुवायला काढली. रोपं उपटून बादलीत टाकली, नीट दिसावं म्हणून वरचा दिवा लावला. आणि मासे एकदम गोळा झाले. एकमेकांना चिकटून, झपाझप वळणारे, थेट वरच्यासारखे! मी मुलीला ओरडून हाक मारली. ती जिन्यात होती, परत आली. टाकीसमोर बसून बघत राहिली.

“आई, घाबरलेत गं ते. लपायला जागा नाही, वर एवढा उजेड.”

“मग काकूकडचे?”

“तिथंपण नुसती रिकामी काच. शेजारी टीव्ही, पोरं काचेवर बोटं आपटतात.”

इतके दिवस मी जळत होते ते या घाबरटांवर. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हे असेच ठेवले तर मुलगी इथं बसेल, हेही मनात आलंच.

तिनं मला विचारलं नाही. दिवा बंद केला, बाह्या सरसावल्या. “दे रोपं.”

मी एकेक रोप सावकाश धुवून देत होते. हळूहळू एक मासा घोळक्यातून सुटून पानाशी गेला. मग दुसरा. वरून जाऊची हाक आली, “ये की गं, भजी गार व्हायलीत!”

“आले काकू, थोड्या वेळानं!” मग मला म्हणाली, “काकूला सांगायला पाहिजे.”

“सांग की. आधी हे होऊ दे,” म्हटलं, आणि धुतलेलं रोप पुन्हा धुवायला घेतलं.