उष्टं न चालणाऱ्या घरातला ताप

आमच्या घरात उष्टं अजिबात चालत नसे. वडिलांचा तांब्या वेगळा, ताट वेगळं. आईनंसुद्धा त्यांच्या ताटात कधी घास घेतला नाही. आईच्या माहेरचे वैजापूरचे पाहुणे यावरून आमची यथेच्छ टिंगल करत.

मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. साखरपुडा होऊन दोनेक महिने झाले होते. ताप उतरेना, घसा धरला, मानेत गाठी आल्या. वडील मला औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले आणि नेमक्या त्याच दिवशी होणाऱ्या सासूबाई मला बघायला आल्या. त्याही रिक्षात बसल्या.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "नागिणीच्या विषाणूचाच भाऊबंद आहे हा. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतच शिरतो."

मला ते पाठ होतं. त्या पांढऱ्या पेशींपैकी ‘बी’ नावाच्या पेशीच्या अंगावर एक ठरावीक रेणू असतो. विषाणू त्याला चिकटतो, पेशीच त्याला आत घेते आणि मग तो जन्मभर तिथं मुक्काम ठोकतो. परीक्षेत मी याची सुबक आकृती काढली होती. आता मात्र मला दरदरून घाम फुटला, कारण पुढचा प्रश्न मला ठाऊक होता.

"पर ह्यो आला कुठून?" सासूबाईंनी विचारलं.

"लाळेतून. उष्टं खाल्लं असेल, नाहीतर..." डॉक्टर माझ्याकडे बघून थांबले.

सासूबाईही माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्याच मुलानं, विद्यापीठामागच्या डोंगरावर, एकदाच. हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? लाजेनं मान वर होईना. लग्न मोडलं, असंच मी धरून चालले.

"माहंच आसंल," वडील म्हणाले. "ल्हानपनापासून माह्याच ताटात जेवती ती."

सासूबाईंचा चेहरा निवळला. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. लहानपणी उष्टं खाल्लं असतं तर हा विषाणू तेव्हाच गुपचूप शरीरात शिरला असता आणि आता असा ताप आलाच नसता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

सासूबाईंना बसमध्ये बसवून आम्ही हॉटेलात चहा घेतला. गिळवेना म्हणून मी अर्धा कप तसाच ठेवला. वडिलांनी तो ओढून घेतला आणि डोळे मिटून संपवला. त्यांना उमासा आला, तो मला दिसला.

"अण्णा, कशाला?"

"खोटं बोलायची सवय नाय मला. आता उष्ट्याचं तं खरं झालं," ते म्हणाले. घर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.