पंच्याखालचा भाव
घामट पंचा खुंटीवर दिसला, की मला बोरीचा बैलबाजार आठवतो. निजामाची राजवट होती. धनी तापानं खाटेला खिळलेले, म्हणून बैल विकायला मीच दावं धरून गेले होते. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. दलाल पंचा पसरायचा, त्याखाली बोटं दाबून सौदा व्हायचा. घेणाऱ्याला किती सांगितलं, विकणाऱ्याला किती, आणि मधले पैसे कुणाच्या खिशात गेले, हे त्या फडक्यालाच ठाऊक. माझ्यापुढंही तसाच पंचा आला. परक्या पुरुषाच्या हातात हात कसा देणार? मागं बैल, भोवती माणसांचं कडं. औषधाच्या पैशावाचून घरी जाता येईना, की हात पुढं करता येईना. दलाल हसत म्हणाला, "हात न्हाई तर भाव न्हाई." तेवढ्यात दुसरा एक म्हातारा दलाल पुढं आला. त्यानं आपला पंचा बैलाच्या पाठीवर टाकला आणि मोकळे हात दाखवत मोठ्यानं म्हणाला, "बाई, हे पाव्हणे चाळीस द्यायलेत. त्यातला एक रुपाया माझी दलाली. पटतंय का?" मी मान डोलावली. बाकीचे दलाल त्याच्याकडं असे बघत होते, जणू त्यानं त्यांच्याच अंगावरचं कापड ओढलं. पुढच्या बाजारापासून त्यांनी त्याला तिथं उभं राहू दिलं नाही. आमच्या गावचे बैल मग त्याच्या दारात जाऊन उभे राहायला लागले. मी आता थकले. पण व्यवहारात कुणी हात झाकला, की माझा हात अजून आपोआप मागं येतो.