शेंदराचे सात गोटे

मी देवाला हात जोडत नाही, हे आता साऱ्या गावाला पाठ झालं आहे. म्हातारा चळला, असं म्हणून लोक पुढे जातात. एक भटजी मात्र दर एकादशीला मला सुधारायला येतो, पान खातो आणि तसाच परत जातो. त्याला वाटतं, मी कुठल्या तरी इंग्रजी पुस्तकानं बिघडलो. पुस्तकाला कशाला दोष? मला बिघडवलं आमच्याच शिवारातल्या एका विहिरीनं. ती हकिगत सांगताना मला देवाचा येतो तितकाच स्वतःचाही राग येतो.

अमेरिकेत लढाई जुंपली होती तेव्हाची गोष्ट. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग हलत नसे. ज्याच्या त्याच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. माझे बाबा गावचे पाटील. त्यांनी ज्वारी मोडून बांधापर्यंत कापूस पेरला. बाकीच्यांनीही तेच केलं. मग बोंडं फुटली आणि वेचायला बाया मिळेनात.

वेचणाऱ्या बाया बहुतेक महारवाड्यातल्या. त्यांच्यात एक उंच, सावळी बाई होती. तिच्या शब्दाबाहेर बाकीच्या जात नसत. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दही-भात शिंपडून झाला, बायांनी कमरेला ओट्या बांधल्या, आणि ती बाबांपुढे येऊन लांब उभी राहिली.

"पाटील, आमी दुसऱ्याच्या वावरात जात नाही. पन आमाले गोड पान्याची इहीर पायजे."

आमचा मुलूख खारपाणपट्ट्यातला. कुठेही खणा, पाणी मचूळ. महारवाडा नाल्यात झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरी, आणि उन्हाळ्यात तेही पाणी तोंडात धरवत नसे. त्या बाईची दोन लेकरं त्याच पाण्यानं गेली होती. तिसरं पोटात होतं. बाबांनी कपाशीच्या झाडाला हात लावून शब्द दिला. बाया मान मोडून राबल्या. बाबांनीही, खोटं कशाला सांगू, महारवाड्याच्या कडेला विहीर खणायला लावली. माघात पाणी लागलं. गोड पाणी! मी खाली उतरून ओंजळीनं प्यालो आणि आनंदानं ओरडलो.

आणि त्याच आनंदात मी घात केला. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की काठावर सात गोटे मांडून त्यांना शेंदूर फासतात. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. हे कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप चालतो. मी पळत घरी गेलो, आईकडून शेंदूर आणला, नाल्यातले सात गोटे निवडून मांडले. नारळही फोडला.

दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या बाया घागरी घेऊन हजर. गोड पाणी कुणाला नको? मग गावचा जोशी आला, गोट्यांपुढे डोळे मिटून बसला आणि म्हणाला, देवी बसली आहे, आता इथे विटाळ चालायचा नाही. म्हणजे जिनं विहीर मागून घेतली, तिनंच लांब राहायचं. बाबांनी ते चालू दिलं. वेचणी संपली होती ना!

त्याच आठवड्यात कापूस पाहायला सरकारी गोरा साहेब आला. गंजीत कोपरापर्यंत हात घालून तो ओल पाहत होता. त्या बाईनं लांबूनच आपलं गाऱ्हाणं सांगितलं, दुभाष्यानं ते साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, सरकार कुणाच्या धर्मात हात घालत नाही. हे बोलताना त्याचा हात कापसातच होता. असलं ते न्यायी राज्य! त्याच्या नावानं आमच्या गावात साखर वाटली गेली.

मग ती मला बांधावर भेटली.

"धाकले पाटील, गोटे तुमी मांडले, तुमीच उचला. तुमाले कोनी काई म्हननार नाही."

"देवी कोपली तर?" मी म्हणालो.

"काहून भेता एवढे? मंग मी उचलते. माह्यावर कोपू द्या. मले आता तिसरं लेकरू पुरायचं नाही."

आणि तिनं उचलले. भर दुपारी, माझ्यादेखत. ज्या ओटीत तिनं आमचा कापूस वेचला होता, त्याच ओटीत सातही गोटे घेतले आणि नेऊन बाभळीखाली ठेवले. मग घागर सोडली, पाणी ओढलं, पोटभर प्याली. पोटावर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. मीही देवीच्या कोपाची वाट पाहत होतो. काही झालं नाही. बाभळीवर कावळा ओरडत होता, तो रोजच ओरडायचा. माझा देव गेला तो त्या दुपारी.

म्हणून तर पुढचं जास्त लागतं. संध्याकाळी चावडीवर सारा गाव जमला. ती आणि तिचा नवरा खाली उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात उभे होते. जोशानं मला विचारलं, "गोटे तूच मांडले ना? मंग सांग, इहीर देवीची का नाही?"

मला एवढंच म्हणायचं होतं की विहीर यांच्यासाठी खणली, गोटे मी हौसेनं मांडले. मी पाटलाचा मुलगा. मी तसं म्हटलं असतं तर जोशाची बोलती बंद झाली असती. ती सरळ माझ्याकडे पाहत होती. बाबा खाकरले.

मी म्हणालो, "देवीची."

गावानं त्यांची झोपडी तेव्हाच मोडली. एक गाठोडं घेऊन ती दोघं मेळघाटाच्या वाटेला लागली, तिचे दिवस भरत आले असताना. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही. विचारायला तोंड नव्हतं. गोटे परत काठावर आले, आणि पुढच्या वर्षीच्या कापसावर बाबांनी तिथे देऊळ बांधलं.

भटजी म्हणतो, ती देवी मोठी जागृत आहे, लोकांच्या हाकेला बोलते. त्या संध्याकाळी चावडीवर ही देवी एक शब्द बोलली असती, तर मी आजन्म तिच्या पायरीवर बसलो असतो. पण बोललो फक्त मी.