गादीतले अण्णा

लॅटेक्सची रबरी गादी आमच्या येडशीच्या घरात आली ती अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कंबरेसाठी. धाराशिवच्या दुकानदारानं बजावलं होतं: घडी घालू नका, उन्हात टाकू नका, फक्त अधूनमधून डोक्याकडची बाजू पायाकडं करत जा, म्हणजे एकाच जागी खड्डा पडणार नाही, सगळीकडं सारखी झिजेल. मी मान डोलवली. माझी मान फार छान डोलते. आत काही जात नाही, एवढंच.

पहिल्याच उन्हाळ्यात मी खोळ काढून गादी गच्चीवर टाकली. गादीला ऊन दाखवायचं असतं, हे आमच्याकडं पोरांना बोलायच्या आधी कळतं. पण कापसाची गादी उन्हात फुगते. ही वास मारायला लागली. खालून अण्णा ओरडले, "टायर जाळायलास का रं?" चार-सहा दिवसांत एका बाजूची कड पिवळी पडून बोटानं तिचा भुगा व्हायला लागला.

आईला दिसू नये म्हणून पांढऱ्या चादरीत गुंडाळून आम्ही ती उतरवली. अण्णा पुढं, मी मागं. ही गादी भलती जड, मधोमध लोंबते. जिन्यावरून खाली येताना समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं बघितलं, टोपी काढली आणि हात जोडून उभा राहिला.

"आवो, गादी हाय!" अण्णा म्हणाले. "माझा टाइम हाय अजून!"

सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो. पावसाळा संपता संपता त्याच म्हाताऱ्यानं त्याच जागी पुन्हा टोपी काढली.

चुलते म्हणाले, गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये, देऊन टाका. आई म्हणाली, "ते ह्या गादीवर गेले न्हाईत. चप्पल घालून, गाडीत बसून सोलापूरच्या दवाखान्यात गेले. गादीनं काय केलंय?"

गादी राहिली. तिच्यात अण्णांच्या बाजूला त्यांचा खड्डाही राहिला. खांदे कुठं, कंबर कुठं, सगळं चादरीवरून दिसायचं. आई आपल्या बाजूला, त्या खड्ड्यात घरंगळू नये म्हणून अगदी कडेला झोपायची. आणि कड तर मी भाजून ठेवलेली. कधीतरी पडेल, या धास्तीनं मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. ती रामलिंगाच्या दर्शनाला गेली तेव्हा मी एकट्यानं गादी फिरवली, नवी चादर घातली आणि आयुष्यात एकदा तरी सांगितलेलं ऐकल्याबद्दल स्वतःवर खूश झालो.

त्या दिवसापासून आईची झोप गेली. सकाळी गुडघे धरून उठायची. एकदा नळावर चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा मी खोदून विचारलं.

"पाय कुठं ठिवू?" ती म्हणाली. "तिथं त्यांचं डोकं आणलंस तू."

डोक्याकडचं पायाकडं केलं की डावीकडचं उजवीकडं जातं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अण्णांचा खड्डा उलटा होऊन आईच्या बाजूला आला होता. ती पाय पोटाशी घेऊन पडायची. झोपेत पाय सरळ झाला की दचकून उठायची, पायाखालच्या जागेला हात लावून कपाळाला लावायची.

"मग उशी तिकडं घे की."

"उत्तरेला डोकं करू? मला पोचवायची एवढी घाई झालीय व्हय?"

मग एका दुपारी आम्ही दोघांनी गादी पुन्हा फिरवली. पुढचं टोक आईनं धरलं, अण्णांनी धरलं होतं तसं. गादी तशीच मधोमध लोंबली.

चादर घालून आई तिच्या बाजूला आडवी झाली. खड्डा जागेवर आलाय का बघावं, म्हणून मी अण्णांच्या बाजूला पडलो. खांदा खांद्यात बसला, कंबर कंबरेत. मी आईवर गेलोय, असं सगळे म्हणायचे.

आईचे डोळे मिटलेले होते. गुंगीतच ती म्हणाली, "आलात व्हय? बाहीर ऊन लई हाय का?"

मला एरवी कशावरही विनोद सुचतो. तोंडातून निघालं ते फक्त "हूं". जाड, नाकातून आलेलं. तो आवाज माझा नव्हता.

आईनं पाय लांब केले आणि ती झोपली. मी हललो नाही.

आता रोज दुपारी मी तासभर तिथं पडतो. आईला झोप लागते, गुडघेही बरे आहेत. खड्डा जरा खोल झालाय. परवा दुकानदार भेटला, म्हणाला, "गादी फिरवता ना?"

मी मान डोलवणार होतो. पण त्याआधीच ते "हूं" येऊन गेलं.