शाखा आणि नंबर

राहिलला विचाराल तर सगळा घोटाळा एका ओळीचा. पण ती ओळ खोडणारा हात त्याचाच, आता बोल कुणाला लावणार?

कोथरूडच्या एका कंपनीत तो लॅबवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. लॅबच्या प्रत्येक शाखेत पेशंटचे नंबर एकपासून सुरू; म्हणजे एकाच नंबराचा माणूस कोथरूडलाही आणि स्वारगेटलाही. म्हणून रिपोर्ट पेशंटशी जोडायचा तर शाखा आणि नंबर, दोन्ही हवेत. ‘कंपोझिट की’, म्हणजे जोड-ओळख, म्हणतात त्याला. राहिलने तसंच लिहिलं होतं. पण शाखेचा कॉलम प्रोग्राममध्ये आधीच दुसरीकडे जोडलेला, त्यामुळे ‘हा कॉलम दोनदा आलाय’ अशी एरर आली. उपाय साधा होता, एका जागी तो कॉलम फक्त वाचण्यापुरता ठेवायचा. पण डेडलाइन डोक्यावर. गड्याने शाखाच खोडली, नुसता नंबर ठेवला. एरर गेली. प्रोग्रामच्या टेस्टही पास झाल्या. होणारच, टेस्टमधले झाडून सगळे पेशंट कोथरूडचे!

नाव बरोबर, मजकूर दुसऱ्याचा, असे रिपोर्ट जात राहिले. बहुतेक नॉर्मलच असतात, कोण बघतो? मग एका बाईंना प्रोस्टेटचा रिपोर्ट गेला. त्यांनी फोन केला, “हा अवयव मला कधी बसवलात, तेवढं कळवा.” ऑफिस हसलं. राहिलही हसला, आणि मग त्याला अब्बांचा रिपोर्ट आठवला.

त्याचे अब्बा, दादामियाँ, मार्केट यार्डात कांद्याचे आडते. मानेला गाठ आली म्हणून हिवाळ्यात याच लॅबच्या स्वारगेट शाखेत तपासणी केलेली. रिपोर्ट आला, साधी गाठ. अम्मी म्हणत होती, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. राहिलनेच छाती फुगवून सांगितलं होतं, “अम्मी, सॉफ्टवेअर माझं आहे. उगाच कशाला?”

त्याने दोन्ही कॉलम जोडले आणि अब्बांचं नाव टाकलं. कॅन्सर. खाली लिहिलेलं, तातडीने उपचार सुरू करावेत. आता मे संपत आला होता.

तो तडक घरी आला. अब्बा भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून जेवायला बसले होते. अम्मीने राहिलला स्वयंपाकघरात बोलावलं.

“गाठ वाढलीय रे, कधीची. घास उतरत नाही. यांना म्हटलं, राहिलला सांगू, पण ऐकतील तर शपथ. म्हणतात, पोराच्या कामावर शंका घेतल्यासारखं दिसेल.”

राहिलला रडूही येईना. बाहेर येऊन तो अब्बांजवळ बसला आणि मफलर सोडू लागला. अब्बांनी त्याचा हात धरला.

“राहू दे बेटा,” ते म्हणाले. “रिपोर्ट साधा आला होता ना.”